पेवातला चोर

हॅलो?… हॅलो… हां, जयभीम वहिनी. येतोय, येतोय आवाज. अजून गढीतच हाय आम्ही.

पाहिलं की तुमच्या लेकाला! डोक्याला फेटा काय, गळ्यात गाईडचं ओळखपत्र काय… लई रुबाबात फिरून राहिला आदर्श. गढी बघाया पुण्याचे पाहुणे आले होते बसभर, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.… न्हाई वो, अडखळतो कुठला! तुमच्यावर गेलाय बोलण्यात.

माय?… हाय ना. बसलीय.… आत्ता नको वहिनी, तिला फोन दे म्हणू नका.

अवो ऐका ना… न्हाई, पडली-झडली न्हाई. गोळी बी घेतलीय. सांगते… सांगते म्हणलं ना. दादा जवळ हाय का? मग जरा बाहेर या. त्याला झोपू द्या.

मागच्या चौकात पेव हाय एक.… पेव वो, जमिनीत खोल खोदून ज्वारी साठवायचे त्ये. आता वर काच बसवलीय, आत दिवा सोडलाय. आदर्शनं सगळ्यायला भवती उभं केलं अन् गोष्ट सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात रामक्या नावाचा चोर ज्वारी चोराया आत उतरला अन् तिथंच गुदमरून मेला, पाप फेडलं म्हणे. लोकं हसली. एका बाईनं काचेवर उभं राहून फोटो काढला.

तर माय मटकन खालीच बसली.

हो… हो, तोच. रामकिशन. मायचा बाप, वहिनी.

मला तरी कुठं ठाव होतं! आमाला लहानपणापासून एकच सांगितलं, तुमचा आजा तापानं गेला. सकाळी गढीच्या दारातच पाय अडला होता तिचा, मला वाटलं गुडघा दुखून राहिला. आता बोलली सगळं… कानात, हळू.

पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडतात. आतली खराब वाफ निघून गेली की मगच माणूस उतरवायचा. पर त्या दिशी गढीच्या मालकाकडं पाहुणे आले होते, ज्वारी तातडीनं पाहिजे होती. आजा त्यायचा सालगडी, त्याला उतर म्हणले, उतरला. दोर पुन्हा हालला न्हाई. माय एवढीशी पोर, बापाची भाकर घेऊन काठावर उभी होती.… अन् वर काढल्यावर मालकानंच आवई उठवली, चोर होता म्हणून. म्हणजे कोणी इचारायलाच नको. आजी पोरीला घेऊन नायगावला निघून आली, ती पुन्हा इकडं फिरकली न्हाई.

अवो, आदर्शचा काय दोष त्यात? जे पाठ करायला दिलं त्ये बोललं लेकरू.… कळलं त्याला. मीच सांगितलं. त्यानं मायचे पाय धरले, म्हणे, 'आजी, आत्ताच्या आत्ता नोकरी सोडतो.' मायनं झटकला त्याला. 'तुझा बाप अंथरुणाला खिळलाय, घरात कमावणारं दुसरं कोण हाय?' म्हणाली.

रडू नका वो… मी बी तेच म्हणले, नुसतं चोर तेवढं म्हणू नको. पर म्यानेजर मागंच फिरून राहिलाय ना. मागं एका पोरीनं गोष्ट बदलली तर त्याच दिशी घरी बसवलं तिला.

थांबा… पुढची बॅच आली. पेवापाशीच आणली आदर्शनं.

न्हाई, बोलत न्हाई. नुसता काचेकडं बघून राहिला.… लोकं इचारायलीत, काय हाय आत, सांगा ना… वहिनी, म्यानेजर आला.

माय उठली.… तिकडंच चालली.… अवो थांबा, ऐकू तर द्या मला!

म्हणतीय, 'पोराचा घसा बसलाय, मी सांगते. मी हितल्याच गावची.'

…

'रामक्या नावाचा चोर होता. ज्वारी चोराया उतरला अन् आतच मेला.'

हाव वहिनी. मायनंच सांगितलं. आपल्या तोंडानं.

टाळ्या वाजवून राहिलेत लोकं… ठेवते. मायपाशी जाऊ द्या मला.