मिशीवर दोन बोटं

माजं माहेर शिराळ्याच्या वरल्या अंगाला, डोंगराकडंची ल्हानशी वाडी. नाव सुनंदा, पण सूतगिरणीत मला समदी नंदाच म्हणत्यात. सातवीपतुर शिकले, पुढची शाळा लांब हुती, आन् पोरगी वड्याच्या पाण्यातनं येकटी कशी जायाची म्हणून दादांनी, म्हंजे माज्या वडलांनी, शाळा बंद केली. त्याचं मला आता काय वाटत न्हाई. न्हाई, वाटतं, खोटं कशाला बोलू, पण त्ये ऱ्हाऊ द्या. लगीन झालं आन् कुपवाडला आले. आमचं मालक फाउंड्रीत कामाला. सासूबाई हुत्या, त्यास्नी आमी आत्ती म्हणायचो. पैला संदीप झाला, त्याच्या पाठीवर अश्विनी. आशू म्हणतो आमी तिला. तुमी जिचं ऐकायला आलाय ती हीच.

काय सांगू तुमाला, पोर लय गुणाची. रडायची न्हाई, दचकायची न्हाई. वरसाची झाली आसंल, नागपंचमीला मी माहेरी गेलते, तवा शिराळ्यात मिरवणूक बगायला उभं ऱ्हायलो. ही गर्दी, त्यो बेंजो, त्यो डॉल्बी, छातीत धडधडत हुतं, बायकांच्या काखंतली समदी पोरं किंचाळत्यात, आन् माजी आशू खांद्यावर गाढ झोपलीया. मी आपली मिरवतीया, बगा माजी लेक कशी शांत हाय. माज्या आईनं तिच्याकडं बगितलं. घरी आल्यावर आशू खेळत बसली हुती, तिच्या पाठीमागं आईनं परात आपटली. पोरगी खेळतच ऱ्हायली. आईनं परत आपटली. मग आई तितंच खाली बसली, आन् मलाबी कळलं.

मग सांगलीला डॉक्टर, तपासण्या, कानातलं मशीन. त्ये मशीन तिनं पाण्याच्या बादलीत टाकलं. दुसरं आणलं, त्येबी टाकलं. ऑपरेशनचंबी बोलणं झालं, पण डॉक्टर म्हणलं हिच्या कानाच्या शिरांतच दोष हाय, उपेग व्हणार न्हाई. चांगला माणूस हुता, तोंडावर सांगितलं. सांगलीत अशा पोरांची शाळा हाय, तितं घाला म्हणला, आन् आमी घातली. आत्ती तिला सोडायच्या आणायच्या, कारण तवर मी गिरणीत लागलते, पैल्या पाळीला.

आता गिरणीचं तुमाला सांगायलाच पायजे, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई. आत मशिनांचा येवडा आवाज आसतो, कानात तोंड घालून वरडलं तरी ऐकू येत न्हाई. मग बायका करत्यात काय, हातानं बोलत्यात. हे कुणी शिकवत न्हाई, नवी बाई येती, आठवडाभरात बोलाय लागती. अंगठा व्हटाला लावला म्हंजे पाणी. दोन बोटं ताडकन उघडली म्हंजे धागा तुटलाय तुजा. कपाळावर पदर वढून तोंड वाकडं केलं म्हंजे घरात सासू आलीया. आन् नाकाखाली, मिशीवरनं फिरवल्यागत दोन बोटं फिरवली म्हंजे मुकादम आला, कामाला लागा. आता ज्या मुकादमाची मिशी हुती त्यो कवाच रिटायर झाला, आताच्याला मिशी न्हाई, पण खूण तीच चाललीया. माजी मैत्रीण शैला, ती खात्याच्या त्या टोकाला आन् मी ह्या टोकाला, तरी आमच्या पाळीभर गप्पा.

शाळंतल्या बाईंनी मला बसवून सांगितलं, घरात हात वापरायचं न्हाईत. तोंडानं बोला, तिला तुमच्या व्हटांकडं बगू द्या, हाताची सवय लागली तर ही कवाच बोलायची न्हाई. मी म्हणलं बरं. बाई शिकल्याल्या, त्यास्नी तसंच शिकवलं आसणार, आन् मनानं वाईट नव्हत्या. पोरगीचा हात आपल्या गळ्यावर ठिवून, आरशापुढं बसून, पा, पा, पा म्हणायच्या, किती येळ, दमायच्या न्हाईत. त्यांच्यामुळं आशू आई म्हणाय लागली. आ-ई, विहिरीतनं आल्यागत, पण म्हणली, त्ये मी कशी इसरू.

पण घरात काय व्हायचं, पोरगी घागरीकडं बोट दावायची, आन् आमी द्यायचं न्हाई. पा म्हण, पा-णी म्हण, मग देते. तहानल्यालं लेकरू ताटकळत उभं, आन् माजं हात पदराखाली धरल्यालं. मग ती ताट फेकायची, चावायची, भिताडाला डोकं आपटायची. दुखतंय काय, पायजे काय, भ्या कशाचं वाटतंय, कायच सांगता येत न्हाई तिला. दिवसभर गिरणीत मी हातानं बोलतीया आन् घरी आले की हात बांधतीया. तुमी म्हणशीला, अगं मग तुला सुचलं कसं न्हाई. न्हाई सुचलं बगा. गिरणीतलं त्ये गिरणीत, त्याला कोण बोलणं म्हणतंय.

पाच वरसांची झाली तवा बाई म्हणल्या, वर्गात कुणाकडं बगत न्हाई, मारती, असं किती दिवस चालवायचं. आमचं मालक त्या दिवशी जेवलं न्हाईत. म्हणलं, तुज्या आईकडं वाडीला ठिवू तिला. तितं मोकळं हिंडंल, शेरडं राखंल, हितं कशाला लेकराचं हाल. माणूस वाईट न्हाई माजा, त्येला तिचं डोकं आपटणं बगवत नव्हतं. पण मला माज्या वड्याची याद आली, ज्याच्यापायी माजी शाळा बंद पडली. मी म्हणलं, दसरा हू द्या, मग बगू. दसऱ्यानंतर काय बगायचं, त्ये मलाबी म्हाईत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गिरणीत खंडेनवमी आसती. मशिनं पुसून झेंडूच्या माळा, पूजा, नारळ, आन् त्या दिवशी घरची माणसं पोरंबाळं आत सोडत्यात. मी दोगांस्नी घिऊन गेले. नारळ फुटला की येक डाव समदी मशिनं चालू करत्यात, तशी केली. झालं, पोरांनी कान धरलं, निम्मी रडाय लागली, आमचा संदीप तर भाईर पळाला. पुरुष मानसं येकमेकाच्या कानात वरडत्यात, कुणाला कायबी ऐकू यिना. आन् आमी बायका सवयीनं चालू. शैलानं तिकडनं इचारलं, ही तुजी लेक व्हय? म्हणलं, व्हय. म्हणली, चांगली दिसती, तुज्यावर गेली न्हाई ते बरं झालं. मी म्हणलं, गप बस गं. तिनं इचारलं, पाणी पायजे का? हे समदं हातानं, बरं का.

सहज खाली बगितलं तर आशू मशिनाकडं बगत नव्हती. माज्या हाताकडं बगत हुती. मग शैलाच्या हाताकडं. मग पलीकडं दोघी बोलत हुत्या त्यांच्याकडं. अशी गरगर फिरून समद्या खात्याकडं बगितलं तिनं. तिला काय वाटलं आसंल, हितं समदीच आपल्यासारखी हायत, आन् आपली आईबी. मग तिनं माजा पदर सोडला, माज्याकडं बगितलं, आन् अंगठा व्हटाला लावला.

मी पळत पाणी आणलं. ती प्याली. परत अंगठा लावला, परत आणलं. तहान कुटली, पोट फुगलं तरी मागतीया, मागितलं की मिळतंय म्हणून मागतीया. हसतीया. मी रडले. मशिनांचा आवाज हुता म्हणून चांगली मोठ्यानं रडले, कुणाला ऐकू गेलं न्हाई.

घरी आले आन् मालकास्नी सांगितलं, पोरगी वाडीला जाणार न्हाई. त्ये म्हणलं, बाईंनी हात वापरायला न्हाई म्हणलंय न्हवं? मी म्हणलं बाईंस्नी काय सांगायचं त्ये मी सांगते, तुमी आदी चा मागायला शिका. हातानं मागायचा, न्हाईतर मिळायचा न्हाई. दोन दिवस रुसलं, बिनचाचं ऱ्हायलं, मग शिकलं. आत्ती म्हणल्या लोकं हसतील, आन् हातानं बोलण्यात त्याच समद्यांच्या पुढं गेल्या. शेजारणीच्या तोंडापुढं बसून तिचीच चहाडी आशूपाशी हातानं करायच्या आन् वरनं तिला चा द्यायच्या. गेल्या त्या आता, पण शेवटपतुर दोघींचं गुळपीठ हुतं.

मग शाळंतनं निरोप आला, भेटायला या. मला वाटलं झालं, काढत्यात आता पोरीला. बाई व्हरांड्यात उभ्या. नाकाखाली दोन बोटं फिरवून मला म्हणल्या, ह्याचा अर्थ काय? मोठ्या बाई व्हरांड्यातनं निगाल्या की अश्विनी असं करती, समदा वर्ग असं करतो, आन् समद्यांच्या माना पुस्तकात. मी लाजंनं मेले. काय करणार, खरं त्ये सांगितलं, की मुकादम आला, कामाला लागा. बाई येवड्या हसल्या, चष्मा काढून डोळं पुसलं. म्हणल्या, मोठ्या बाईंस्नी सांगू नका. मग खुर्ची दिली आन् म्हणल्या, ही पोरं येका वर्गात बसत्यात पण येकमेकास्नी काय सांगत नव्हती वो. तुमच्या पोरीनं समद्यास्नी येक गोष्ट सांगितली. मी आता तिचं हात धरणार न्हाई. पण तुमच्या गिरणीतल्या खुणांवर तिचं भागायचं न्हाई.

त्येबी खरंच हुतं. गिरणीत पाणी हाय, धागा हाय, सासू हाय, पण ‘का’ ह्याला खूण न्हाई. ‘उद्या’ ह्याला न्हाई, ‘भ्या वाटतं’ ह्याला न्हाई. तितं येक तरणी बाई नवीन आलती, तिला खुणांची खरी भाषा यायची. ती शनवारी आईबापांचा वर्ग घ्यायला लागली. मी पाळी सुटली की केसातल्या कापसासकट जाऊन बसायची. आशू माज्या म्होरं पळायची, मी मागनं. चुकले की माजं बोट धरून नीट करायची, वर डोळं वटारायची. तिला ‘का’ ही खूण आली आन् मग काय इचारता, दिवसभर ‘का’. येकदा उंबऱ्यात बसून इचारलं, मला ऐकू का येत न्हाई? मी म्हणलं, मला म्हाईत न्हाई. तिनं बरं म्हणलं आन् खेळाय गेली.

ह्या समद्यात संदीपकडं बगायचं ऱ्हायलं. धावीत आसताना म्हणला, आई, माज्या शाळंत कवा आलतीस? लागलं मला. पालक मिटिंगला गेले, पुढं जाऊन बसले. सर म्हणलं, हुशार हाय, पण वर्गात लय बोलतो. मी हसाय लागले, म्हणलं सर, बोलू द्या वो. सरास्नी काय कळंना. आता त्यो हितंच वर्कशॉपला हाय, गाडीवरनं जातो, बरं चाललंय. भैणीशी त्यो माज्यापेक्षा भारी बोलतो.

आशू धावी झाली, बारावी झाली. मग म्हणली सातारला कंप्युटरचा कोर्स हाय, होस्टेल हाय, मी जाणार. मी न्हाई म्हणलं. तितं हिची भाषा कुणाला कळणार, रिक्षावाल्याला काय सांगंल, दुखलं खुपलं तर कुणाला दावंल. चार दिवस घरात भांडण, आमचं भांडण म्हंजे आवाज न्हाई, नुसतं हात. शेवटाला तिनं माजं दोनी हात धरून खाली ठिवलं, मला गप केलं, आन् सावकाश म्हणली, आई, तितं पाणी मला मागायला लागणार न्हाई. माजं मी घिईन. मी उठून तिची बॅग भराय घेतली.

सोडायला मीच गेले. कॉट बगितली, शेजारच्या पोरी बगितल्या, दोघीतिघी हिच्यासारख्याच, तितंच त्यांचं सुरू झालं. सांच्याला ती मला यष्टी स्टँडवर घालवाय आली. गाडीत बसले. समद्या आया खिडकीतनं वरडत्यात, येळंवर जेव, फोन कर, डायवरनं गाडी सुरू केली, घंटी वाजली, काचा लागल्या, आन् समद्यांचं बोलणं तुटलं. आमचं चालूच. मी म्हणलं केसास्नी तेल लाव. ती म्हणली तू गुडघ्याला लाव. मी म्हणलं रडू नगंस, ती म्हणली तूच रडतीस. आन् तिनं नाकाखाली दोन बोटं फिरवली. मला कळंना, हितं कुटला आलाय मुकादम. परत फिरवली, हसतीया, आन् माज्या मागं बोट दावतीया. वळून बगितलं तर कंडक्टर. कवाचा तिकीट तिकीट म्हणत हुता कुणास ठाऊक, समदी गाडी माज्याकडं बगाय लागलती.

काय मावशी, म्हणला, ऐकू येत न्हाई व्हय?

मी म्हणलं, न्हाई येत. माजी लेक बोलतीया न्हवं.

त्यो मागच्या शिटांची तिकिटं काढाय गेला, गाडी वळणावर जाऊस्तवर. मग माजं तिकीट दिलं.

आता सांच्याला व्हिडिओ फोन आसतो. पैल्यांदा रोज करायची, आता कवा कवा दोन दोन दिवस करत न्हाई. मालक काळजी करत्यात. मी म्हणते करू द्या, करत न्हाई म्हंजे तितं बोलाय कुणीतरी हाय. जितं जाईल तितं तिच्या हाताकडं बगणारं माणूस तिला मिळू दे, येवडंच मागते मी. चला, चा टाकते. तुमी तोंडानं मागितलासा तरी चालंल.