दस्तखतीवाचून पडलेला वैशालीचा कागद

सगळ्यांच्या आधी करमाडकडच्या बाया आल्या. हे तुम्हाला कुणी सांगायचं नाय, म्हणून मी सांगते. शोकसभा पाचची, अन् या साडेतीनलाच टेंपोनं हजर. हॉलला कुलूप. शिपाई म्हणाला, "कोण तुम्ही? बाहेर थांबा." तर पदर डोक्यावर घेऊन उन्हात पायऱ्यांवर बसल्या. मग हार आला. मग फोटो आला. मग खुर्च्या. अन् ज्यांचं दालन इथून पन्नास पावलांवर हाय, ती मंडळी सव्वापाचला आली अन् पहिल्या रांगेत बसली. रुक्मिण, तू मागं का उभी? पुढं ये. ये म्हणते ना. ती खुर्ची रिकामीच हाय, कुणाचं नाव लिवलेलं नाय तिच्यावर.

बसलात सगळे? बरं.

मंडळी, कामंधामं टाकून तुम्ही आलात. मला बोलता येत नाय. म्हणजे बोलता लई येतं, घरचे म्हणतात या म्हातारीचं तोंड झोपेतच काय ते मिटतं. पण आपल्याआधी गेलेल्या लेकराबद्दल कसं बोलावं, ते मला येत नाय. मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. पाटी फुटली अन् शाळा सुटली.

वैशाली माझ्या धाकट्या बहिणीची नात. शिकायला म्हणून गारखेड्यात माझ्या घरी आली. शिकली, डॉक्टर झाली, सुईवाली नव्हे, पुस्तकातली. इथंच, विद्यापीठात, अन्नाच्या या विभागात नोकरीला लागली. तरी माझ्याकडंच राहिली. तेरा वर्षं. चार दिवसांचा ताप आला अन् पाचव्या दिवशी गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

आत्ता विभागप्रमुख साहेब बोलले. छान बोलले. वैशालीचे किती पेपर छापून आले, कोणकोणत्या देशांत छापले, त्यांचे दाखले जगात कुणीकुणी दिले, सगळं वाचून दाखवलं. मी पदराआड बोटं मोजत होते. हातांची संपली, पायांची संपली, तरी साहेब वाचतच होते. साहेब, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लई आनंद झाला.

कारण हे दाखल्याचं मला ठावकी हाय. मी एकदा तिला विचारलं होतं, "हे दाखले दाखले काय गं? शाळा सोडल्याचे व्हय?" तर हसली. म्हणाली, "आजी, स्थळ बघायला गेलं की लोक काय म्हणतात? अमक्या मामींना विचारलं, त्या म्हणाल्या घर चांगलं हाय, म्हणून आम्ही पुढं आलो. तसंच हे. कुणी दूरदेशी काही लिहितो, अन् खाली लिहितो की हे मला वैशालीच्या पेपरवरून कळलं."

"म्हणजे तू मामी."

"व्हय. मी मामी."

तेव्हापासून नवा दाखला आला की मी शिरा करायची. भाजीवाल्याला सांगायची, "आज ब्राझीलच्या माणसानं आमच्या वैशालीचा दाखला दिला." तो म्हणायचा, "ब्राझील म्हणजे जालन्याच्या पुढं का, आजी?" मी म्हणायची, "लई पुढं. तुझ्या कोथिंबिरीला दोन दिवस लागतील, सुकून जाईल."

हसा, हसा. ती बी हसायची.

पण साहेब, तुम्ही दाखले मोजले. पेपर मोजले. देश मोजले. त्या पेपरात लिवलंय काय, ते काही तुमच्या तोंडून आलं नाय. एक ओळसुद्धा नाय. म्हणून मी उठले. मला बोलायला बोलावलेलं नव्हतं. तुमच्या कागदावर माझं नाव नाय, ठावकी हाय मला.

त्यात काय लिवलंय, ते ही दुसरी पास झालेली म्हातारी सांगते. ऐका.

ते दोन दुष्काळ आठवतात ना? लागोपाठचे. आमच्या गल्लीत टँकर आठव्या दिवशी यायचा. गावाकडं भुईमूग उभ्या उभ्या वाळला. तहानलेल्या शेंगेला बुरशी धरते. त्या बुरशीत विष असतं. अफ्लाटॉक्सिन. पाठ केलंय मी. डोळ्याला दिसत नाय, जिभेला कळत नाय, भाजलं तरी पुरतं जात नाय. माणसाच्या काळजाला, म्हणजे लिव्हरला खातं, हळूहळू, वर्षानुवर्षं. तेच शेंगदाणे, तीच पेंड म्हशीनं खाल्ली की विष दुधात उतरतं. दूध उकळलं तरी जात नाय.

अन् त्याच वर्षांत आपलं शहर फुगत होतं. शेंद्र्याकडं कारखाने, इकडं प्लॉट, जिथं तिथं पोरांच्या मेस अन् चहाच्या टपऱ्या. सगळ्यांना स्वस्त दाणा पाहिजे, सगळ्यांना दूध पाहिजे. निवडून बाजूला काढलेला काळा दाणा कुठं गेला? फेकला कुणी? चटणीत गेला. घाण्यात गेला. म्हशीपुढं गेला. वैशाली पिशव्या घेऊन करमाडपासून गोठ्यागोठ्यानं फिरली अन् हे तिनं शोधून काढलं.

आता माझी गोष्ट सांगते. लाज सोडून सांगते.

तिचा तो पेपर छापून आला, तेव्हा तिनं मला त्याची प्रत दिली. त्यात शेवटी आभारात माझं नाव हाय. दाणे सुपात कसे पाखडायचे, बोटानं कुजका दाणा कसा ओळखायचा, ते तिला मी शिकवलं, म्हणून. इंग्रजीत माझं नाव! मी काय केलं? दसऱ्याला तो पेपर पाटावर मांडला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आल्यागेल्याला दाखवला. आपट्याची पानं द्यायला आलेल्या बाया त्याच्या पाया पडल्या. दरवर्षी. तीन दसरे.

अन् त्या तिन्ही वर्षांत मी निवडून काढलेले काळे दाणे डब्यात साठवून आमच्या गवळ्याला देत होते. वाया कशाला घालवायचं? म्हशीला होतील. त्याच म्हशीचं दूध माझ्या घरात, माझ्या पणतीच्या वाटीत.

एक दिवस वैशालीनं तो डबा बघितला. "आजी, हे कुणाला देतेस?" मी सांगितलं. तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. म्हणाली, "आजी, पाटावर मांडलेल्या त्या कागदात हेच तर लिवलंय."

मी म्हणाले, "मग सांगितलं का नाय?"

ती म्हणाली, "मला वाटलं, घरात तरी ठावकी असंल. अन् तू विचारलं का नाय?"

खरंच, का नाय विचारलं? आपल्याला पुस्तकाच्या पाया पडायला शिकवलं. पुस्तक पायाला लागलं तर नमस्कार करायला शिकवलं. उघडून, यात काय हाय, हे विचारायला कुणी शिकवलं नाय. मी अडाणी. माझी चूक मी इथं, चारचौघांत, कबूल करते.

पण साहेब, तुम्ही तर अडाणी नाय.

 डबा सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी बसून तिनं एक पानाचं पत्रक लिवलं. मराठीत. मला वाचून दाखवलं. मला एक शब्द अडला की तो खोडायची, सोपा घालायची. काळा, सुरकुतलेला, बुरशीचा दाणा खाऊ नका. विकू नका. म्हशीला घालू नका. जमिनीत पुरा. शेंगा ओल्या पोत्यात भरू नका, चांगल्या वाळवा. एवढंच. ते घेऊन ती करमाडला, रुक्मिणीच्या गावच्या डेअरीत गेली. डेअरीचा सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, शिक्का कुठाय? बिनशिक्क्याचा कागद मी भिंतीला लावला तर उद्या व्यापारी माझ्या उरावर बसतील."

म्हणून ती साहेबांकडं आली. दस्तखत पाहिजे, शिक्का पाहिजे. साहेब म्हणाले, "वैशाली, याचा दाखला कोण देणार? हे मोजत नाहीत. तुझा वेळ पेपरात घाल."

मोजत नाहीत.

ती परत गेली. साहेब म्हणाले, "बाजारात घबराट होईल, बघू." ती परत गेली. साहेब म्हणाले, "ठेव टेबलावर." दोन पावसाळे झाले. टेबलावरच हाय. मी म्हणायची, "अगं, भांड की." ती म्हणायची, "आजी, मी भांडले तर माझी खोली जाईल, यंत्रं जातील, मग पुढचं तपासायचं कशावर?" गुमान बसली. ब्राझीलमध्ये कळलं, करमाडला कळलं नाय. सात समुद्रापलीकडचा माणूस वैशालीचं वाचून आपल्या लोकांना शहाणं करतो, अन् रुक्मिणीची म्हैस मी पत्रक देईपर्यंत तीच पेंड खात होती. रुक्मिण, खात होती ना? बोल मोठ्यानं.

"खात होती, आत्याबाई. आम्हाला कोण सांगणार होतं?"

ऐकलंत?

परवा, दहावं होऊन एक दिवस नाय झाला, तर विभागातले दोघं घरी आले. सभ्य पोरं. चहा घेतला. म्हणाले, "आजी, मॅडमच्या वह्या पाहिजेत. शेवटचा पेपर अर्धा राहिलाय. आम्ही पुरा करतो, त्यांच्या आठवणीला वाहतो."

मी विचारलं, "नाव कुणाचं पहिलं?"

त्यातला एक म्हणाला, "आता मॅडम नाहीत ना, आजी. साहेबांचं येईल."

मला दुसरी पास म्हणून हसू नका. पंगतीत पहिलं पान कुणाचं, ते मला कळतं.

तरी साहेब, नावासाठी मी भांडणार नाय. ती असती तर ती बी भांडली नसती. पहिलं नाव तुमचं घाला, फोटो तुमचा छापा. वह्या माझ्या कपाटात हायत, कुलपात. तिच्या भावानं मला सांगितलंय, "आजी, तू ठरव." मी ठरवलंय. एका हातानं दस्तखत केलेलं पत्रक द्या, दुसऱ्या हातानं वह्या न्या. हा सौदा नाय, साहेब. तिनं तुमच्यापुढं दोन वर्षं हात जोडले, मी जोडणार नाय, एवढाच फरक.

चिठ्ठी कशाला पाठवता? वेळ संपली, कळतंय मला. संपवते.

आता तुम्ही म्हणणार, दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळा. पाळू. पण गप्प राहूनच तिचं आयुष्य गेलं, त्यात आणखी दोन मिनिटं घालायला माझा जीव धजत नाय. म्हणून आधी रुक्मिण ते पत्रक वाचील. तिची लेक आठवीला हाय, तिनं आईकडून ते घोटून घेतलंय. बिनशिक्क्याचं हाय, चालंल. ज्यांच्या घरात शेंगदाणा हाय त्यांनी ऐका. ज्यांच्या घरात लेकरू दूध पितं त्यांनी नीट ऐका. ते झालं की उभं राहू.

वैशाली, बाई, पाया तू पडायचं माझ्या, तू लहान, तरी मी पडते. कागदाच्या नव्हे, तुझ्या.

वाच रुक्मिण. मोठ्यानं वाच, पहिल्या रांगेला ऐकू जाऊ दे. अन् साहेब, तुमची ती दोन पोरं बेस्तरवारी परत येतो म्हणालीत. येताना शिक्का संगं द्या. मी दिवसभर घरीच हाय.