बिनडोळ्यांची फौज

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग टाळ वाजवा! समजा, एखाद्याला आपण दारात ताटकळत ठेवलं. वैरानं नव्हे हं — प्रेमानं! ‘थांब जरा, तुला चांगलंच करून देतो’ असं म्हणून ठेवलं. तर हे पुण्य झालं, की पाप?

बोला! त्या खांबापाशी बसलेल्या काकू म्हणतात, पुण्य. बरोबर आहे! काकूंनी आज पुरणपोळीच्या नावाखाली काकांना तीन वाजेपर्यंत उपाशी बसवलेलं दिसतंय! हसू नका काका, कीर्तन संपल्यावर घरीच जायचंय तुम्हाला.

उत्तर मी देणार नाही. उत्तर देईल भार्गव. पुराणातला नव्हे हो — पेणचा! आपल्या घरी बाप्पा येतात ना, त्या पेणचा. गणपतीच्या कारखान्यात हा आखणी करायचा. आखणी म्हणजे काय? तर मूर्तीचे डोळे काढायचे. मूर्ती घडली, पांढरं अस्तर झालं, पितांबर पिवळा झाला, मुकुटाला सोनेरी चढला — तरी अजून ती मातीच! मग भार्गव यायचा. मांडी घालायचा. खारीच्या केसांचा बारीक ब्रश रंगात बुडवायचा, श्वास रोखायचा, टेकवायचा — आणि मंडळी, बाप्पा आपल्याकडे बघायला लागायचे! कारखान्याचा नियमच होता, डोळे झाल्याशिवाय मूर्ती उंबरा ओलांडणार नाही. भार्गवच्या रक्तात भिनलेला हा नियम. इथंच गोष्टीची मेख आहे, लक्षात ठेवा.

या भार्गवचा बालमित्र म्हणजे हवालदार रघुवीर म्हात्रे. शाळेत दोघं एका बाकावर. पुढं एक कारखान्यात गेला, एक फौजेत. पेन्शन घेऊन रघुवीर खाडीपलीकडच्या आपल्या वाडीत परत आला, तो डोक्यात एक किडा घेऊनच! फौजेत साहेबलोक वाळूत डोंगर-नद्या करतात, त्यावर खोटी माणसं मांडतात आणि लढाईचा अभ्यास करतात. ते यानं पाहिलेलं. आला तो थेट कारखान्यात!

“काय रं भार्गवा, ऐक. दिवाळीला मी अंगणात किल्ला करतो. देवगिरी! आतली यादवांची फौज तू कर, बाहेरून चालून येणारी मी करतो. कवड्या टाकायच्या. जेवढं दान पडंल, तेवढ्या विती फौज पुढं. बघू कोण जिंकतंय!”

“चालेल!” भार्गव म्हणाला.

पन्नाशी उलटलेले दोन गडी, आणि खेळणार काय — मातीचे सैनिक! हसताय? हसा! तुम्ही मोबाईलवर गोट्या फोडता ते मी इथून बघतोय!

तर मंडळी, कामं सुरू झाली. हवालदारानं उरलासुरला शाडू घेतला, एक साचा केला, आणि जिलब्या पाडाव्यात तशी फौज पाडली. नाकडोळे काही नाहीत. वरून गेरूचा एक हात — झालं! त्याचे घोडे बघून शेजारीण म्हणाली, “शेळ्या छान झाल्यात हो भावोजी!” पण दिवाळीच्या आत फौज तयार. किल्ल्यावर मोहरी पेरलेली, ती हिरवीगार उगवलेली. किल्ल्याभोवती वेढा पडलेला. आणि किल्ल्यात? किल्ल्यात कोणी नाही! मोकळा!

कारण भार्गवची फौज अजून फळीवरच होती. अहो, काय ती फौज! करंगळीएवढा एकेक गडी, पण प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकाचं पोट सुटलेलं, एकाला पोरगेलं मिसरूड, एक म्हातारा ढालीला टेकून उभा. झाडूच्या हिराचे भाले, हत्तीच्या पाठीवर नखाएवढी झूल, आणि झुलीवर पुन्हा वेलबुट्टी! दिवाळी आली तेव्हा गडी रंगले होते, फक्त डोळे राहिले होते.

हवालदार म्हणाला, “मग आण की तसेच!”

“छे! डोळ्यांशिवाय उंबरा नाही ओलांडायचा. पुढच्या दिवाळीला.”

पुढची दिवाळी आली. मधल्या काळात कोणीतरी भार्गवला सांगितलं, यादवांच्या काळात अशी पगडी नव्हती. झालं! सगळ्या फौजेचे रंग धुतले, डोकी खरवडली, नव्यानं पागोटी बांधली. त्याच्या पुढच्या वर्षी हत्तीचा रंग मनाला येईना. दर दिवाळीला हवालदार किल्ला बांधायचा, वेढा घालायचा आणि मोकळ्या किल्ल्यासमोर बसून राहायचा. त्याची बायको, कमळावहिनी, म्हणायची, “अहो, आत कोणी नाहीये ना? मग घ्या जिंकून!”

हवालदार म्हणायचा, “मोकळा किल्ला घेत नसतात गं. भार्गव येऊ दे.”

आता मला सांगा, हाच भार्गव गणपतीला कधी उशीर करायचा का? एकदाही नाही! का? चतुर्थी थांबत नाही! ती तारखेला येते म्हणजे येतेच. पण मित्र? तो थांबतो. थांबतो ना — म्हणून तोच मागे पडतो! घ्या, एक ओळ म्हणू. कुण्या संताची नव्हे हो, या साध्या बुवाचीच आहे, सांभाळून घ्या —

केलें तें अपुरें, दिलें तें पुरें ।
राखिलें तें सरे, हातीं काय उरे ॥

पेटीवाले, अहो सूर द्या की! झोपलात काय?

असो. एका वर्षी गणपतीचा हंगाम संपला आणि हवालदार स्वतःच कारखान्यात आला. हळूहळू, भिंतीला हात लावत. भार्गवला वाटलं, गुडघे दुखत असतील. फळीवरची फौज हवालदारानं अगदी जवळ जाऊन पाहिली. नाक टेकेल इतक्या जवळून!

म्हणाला, “भार्गवा, डोळे राहू दे रं यंदा. असेच घेऊन ये. एक लढाई होऊन जाऊ दे.”

आणि भार्गव काय बोलला? ब्रश पुसत, हसत हसत बोलला, “म्हणजे काय हवालदार? आंधळी फौज लढवू की काय?”

हवालदारही हसला. म्हणाला, “खरंय बाबा. आंधळ्यानं काय लढायचं?” आणि आला तसाच भिंतीला धरून गेला.

मंडळी, त्याच सकाळी तो पनवेलच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. काचबिंदू! दोन्ही डोळ्यांत! डॉक्टर म्हणाले, “गेलेली नजर परत येणार नाही. उरलीय तेवढी औषधानं टिकली तर बघू.” हे सांगायला तो आला होता हो! कारखान्याकडे निघताना कमळावहिनीला बजावून आला होता, “भार्गवला मीच सांगतो.” पण एक शब्द असा पडला, की पुढचं सांगणं राहूनच गेलं.

ती दिवाळी गेली. हवालदार औषधपाण्यासाठी लेकीकडे पनवेलला जाऊन राहिला. इकडे भार्गवच्या मनाला ते भिंत धरून जाणं कुठंतरी टोचत होतंच, पण हातातलं काम काही सुटेना. मात्र पुढच्या वर्षी त्यानं पणच केला. हंगाम संपल्या संपल्या फौजेला बसला. एकेक गडी चिमटीत धरायचा, श्वास रोखायचा, तिळाएवढे डोळे काढायचा. शेवटच्या हत्तीचा शेवटचा डोळा काढला, तेव्हा एवढा मोठा माणूस एकटाच टाळ्या वाजवत सुटला! परातीत कापूस पसरला, त्यावर फौज निजवली, आणि हवालदार दिवाळीला वाडीवर आल्याचं कळताच परात डोक्यावर घेऊन निघाला — वाजतगाजत बाप्पा न्यावेत तसा!

अंगणात किल्ला होताच. जरा वेडावाकडा झालेला. हवालदार ओट्यावर खाटेवर बसलेला, तोंड रस्त्याकडे. भार्गव अगदी समोर उभा राहिला. दात काढून, परात पुढं धरून! आणि हवालदार त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघतोय.

“कोण आहे?” हवालदार म्हणाला.

भार्गवला वाटलं, थट्टा करतोय. “अरे, यादवराव आलेत! बघ तर खरं!”

तेवढ्यात दारात कमळावहिनी आली. तिनं पदर तोंडाला लावला, आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून नुसती मान हलवली. भार्गवनं परात खाली ठेवली. त्याला सगळं एकदम आठवलं. ते भिंतीला धरणं, ते नाक टेकून बघणं, आणि ते आपलं स्वतःचं वाक्य!

हवालदार मात्र खुशीत! “आलास? आण, आण! यंदा लढाई सोडत नाही मी!”

लढाई झाली मंडळी. भार्गवनं किल्ल्यात फौज मांडली. कवड्या पडल्या की हवालदार बोटांनी चाचपून दान मोजायचा आणि वितीवितीनं शेळ्या पुढं सरकवायचा. मध्येच म्हणाला, “तुझा सेनापती दे रं जरा.” हातात घेतला. बोट फिरवू लागला. “हा भाला — हिराचा ना? ही ढाल. मिशी बघ कशी वळवलीस लेका! नाक तर काय नाक! आमच्या लोकांना नाकंच नाहीत.” बोट वर सरकलं. कपाळावर गेलं, परत खाली आलं. पुन्हा वर गेलं.

“डोळे काढलेस ना, भार्गवा?”

“काढले रे.”

“मला लागत नाहीत.”

रंगाचे डोळे ते! बोटाला लागणार कसे? नाक लागलं, मिशी लागली, पहिल्या वर्षी जे जे झालं होतं ते सगळं लागलं. ज्याच्यासाठी एवढ्या दिवाळ्या घालवल्या, तेवढंच लागलं नाही! भार्गव लहान पोरासारखा रडला. त्याच्या पाठीवर हात ठेवून हवालदार म्हणाला, “असू दे रं. तू काढलेत म्हणजे छानच असणार. चल, दान टाक. तुझी पाळी.”

पुढच्या चतुर्थीलाही भार्गवनं आखणी केली. लोक म्हणाले, डोळे पहिल्यापेक्षा सुरेख आलेत. पण त्याला विचाराल, तर सांगेल, एकाही मूर्तीच्या नजरेला त्यानं नजर दिली नाही.

आता काकू, सांगा. पुण्य, की पाप?

मंडळी, इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एक फौज फळीवर पडलेली आहे! कुणाला आईला गावी न्यायचंय — नवी गाडी आली की! कुणाला भावाशी बोलायचंय — आधी तो बोलला की! आणि तिकडं कुणीतरी मोकळ्या किल्ल्यासमोर बसलेलं आहे. ते काही बोलणार नाही हं! हसेल, आणि भिंतीला धरून परत जाईल.

आता आरती आहे, प्रसाद आहे. दरवेळी मी म्हणतो, आरती झाल्याशिवाय कोणी उठू नका. आज उलटं सांगतो. ज्याला आत्ता कोणी आठवलं असेल त्यानं उठावं, चपला घालाव्यात आणि निघावं. हाताला रंग असेल तर असू दे, तसंच जावं. देव कुठं जात नाही, त्याची आरती आम्ही उरलेले करू.

काय काका? उठलात? जा, जा! काकू, त्यांना अडवू नका — तुम्हीही जा बरोबर!