क्लच नसलेली गाडी

—आणि माझ्या तोंडाकडे काय बघताय ताई, रस्त्याकडे बघा. गाडी बंद पडली म्हणून मी चिडलेलो नाही. क्लच झटक्यात सोडला तर गाडी बंद पडणारच, त्यात नवल ते काय. फिरवा चावी. आधी क्लच दाबा — हां. मागचा हॉर्न वाजवतोय, वाजवू दे, त्याला तेवढंच येतं. पाय असा उचला, जसा झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून आपण हात काढतो. बघा, निघाली की नाही. चिडलोय मी, पण ते आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांवर.

मालक कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्यापासून तोंडात एकच शब्द — जगभर. जगभर लोक गाडी विकत घेणं सोडतायत म्हणे. जगभर गाडी फोनवर बोलवायची, काम झालं की तिथेच सोडून द्यायची. जगभर विजेच्या गाड्या, त्यांना क्लच नाही, गिअर नाही — आणि पुढे तर चालवणाराच नाही. मी विचारलं, मग शिकवणारा? तर खांद्यावर हात ठेवून हसले. मालकाने खांद्यावर हात ठेवला की समजावं, आपली पाठवणी ठरली. दुसरा गिअर टाका. दुसरा — अहो, तो चौथा. पुढच्या महिन्यात ही गाडी विकणार, विजेवरच्या आणणार आणि मी ऑफिसात बसून पडद्यावर शिकवायचं. खाटेवर पालथं पडून कोणी पोहायला शिकलंय कधी? आरसा बघा. आरसा केस बघायला नाही लावलेला.

बरं, घरी जावं तर तिथेही तेच. आमची धाकटी कॉलेजात आहे, तीही जगभरवाल्यांतलीच. मी स्वतः बसवलं होतं तिला, तुम्ही बसलाय त्याच सीटवर. चढावर गाडी मागे घरंगळली, तेव्हा मी जरा बोललो. म्हणजे आवाज चढला असेल. माकडाच्या हाती कोलीत म्हणालो. शिकवताना म्हणतोच माणूस, कोणी मनावर घेत नाही. मागे आमच्याच स्कूलची दोन पोरं बसली होती, ती हसली. धाकटीने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला — व्यवस्थित ओढला, ते कबूल केलं पाहिजे — आणि दार उघडून चालत घरी गेली. जेवताना म्हणाली, बाबा, मला नाही शिकायचं, आता कोण गाडी चालवतं? आता हे जगभरचं खूळ नाही तर काय? दुसरं काय कारण असणार? तिची आई म्हणते, कारण तुम्हीच शोधा. आईला काय, तिला प्रत्येक गोष्टीत मीच दिसतो.

मी म्हणतो, नको घेऊस गाडी, पण शिकून ठेव. बापाकडे दुसरं आहे काय द्यायला? जमीन नाही, दुकान नाही. थोरल्याला शिकवलं, मेव्हण्याला शिकवलं, घरमालकाच्या सुनेला शिकवलं, ती आता परदेशात गाडी चालवते. सगळं गाव न्हालं आणि घरचीच कोरडी राहिली. हल्ली सकाळी लवकर बाहेर पडते. पोहायला जाते म्हणे. केस भिजलेले नसतात, पण टोपी घालत असेल. चांगलंच आहे, व्यायाम होतो. सिग्नल लाल आहे, थांबा. क्लच, ब्रेक — हां, आज पहिल्यांदा न सांगता जमलं.

तो बघा, समोरच्या चढावरचा पांढरा डबा. पलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलची विजेची गाडी. मांजरासारखी येते, कानाला कळत नाही. आमच्या मालकांच्या पोटात दुखतं ते हिच्यामुळेच. कोणीतरी शिकाऊ दिसतंय. त्यांचा हिरवा झाला. आता बघा हं, मागे घरंगळणार — नाही, नाही घरंगळली. गाडीच सांभाळते म्हणे, त्यात चालवणाऱ्याचं काय कौतुक. पण आरसा बघितला. वळायच्या आधी मान फिरवूनही बघितलं. हे कोणी करत नाही हो, हे मी घसा फोडून सांगतो तरी कोणी —

थांबा. तुम्ही नाही, तुम्ही थांबलेल्याच आहात.

तो स्वेटर आमच्या घरातला आहे. कोपरावर तिच्या आईने रफू केलंय.

शेजारी एक बाई बसल्यात. त्या काहीतरी सांगतायत आणि ती हसतेय. चाक हातात आहे आणि हसतेय, ताई. इतकी वर्षं या सीटवर बसतोय, माझ्या शेजारी चालवताना कोणी हसलेलं मला आठवत नाही. मला नाही बघितलं तिने. बरोबर आहे, नजर रस्त्यावरच हवी. वळली. छान वळली. मधल्या पट्टीला न लागता.

गेली.

ताई, एक विचारू? तुम्ही पहिल्या दिवसापासून येताय, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मला वाटायचं, बाईंचा स्वभावच अबोल असेल. घरीसुद्धा तुम्ही अशाच —

नको. सांगू नका. सिग्नल सुटलाय, निघा तुम्ही. मी आता काही बोलत नाही.