उणे चाळीस

हॅलो?… बोल. तुझा फोन म्हणजे गाडीच बिघडली असणार… टोमणा नाही गं. घटस्फोट झाला तरी गाडीचं दुखणं माझ्याच गळ्यात, एवढंच म्हटलं.

काय? एसी लागत नाही?… आणि स्क्रीनवर बाहेरचं तापमान किती दिसतंय?… उणे चाळीस? या उन्हात? अगं, म्हणूनच! गाडीला वाटतंय बाहेर बर्फ पडलाय, मग ती एसी कशाला लावेल… हो, हो, सेन्सर. पुढच्या बंपरच्या आत असतो. बंपर काढला होता का कुणी?… रंगवायला. हं.

डिकीत माझी टॉर्च आहे बघ जुनी… निघत नाही? सामानाखाली? कसलं सामान?… आहेस कुठे तू?… हायवेवर? आज तर ठमीची शाळा…

बदली? कायमची? आणि मला कधी सांगणार होतीस? पोचल्यावर?… शाळेतून दाखलासुद्धा काढलास! शिपायापासून बाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक, फक्त बापाला नाही. वा!… नाही, मी ओरडत नाहीये! रविवार माझा आहे. कोर्टात ठरलंय… मोठ्या सुट्टीत पाठवशील? फार उपकार झाले.

काय?… हां, सेन्सर. नाही जमणार तुला. वर्कशॉपलाच लागेल. मागे फिर… दोन-तीन दिवस तरी जातील… हो म्हटलं ना, खात्री आहे!

…कोण रडतंय? ठमी?… उलटी झाली? अगं मग काचा उघड… गरम झळा येतात, हो, कळलं… पाणी पाज आधी. तोंड पूस तिचं… ऐक ना. अगं ऐक! खोटं बोललो मी मघाशी. जमेल तुला. चुटकीसरशी होतं.

गाडीच्या पुढे खाली बस. नंबरप्लेटच्या मागे, बंपरखालून हात घाल. अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी लागेल… लागलं? वायर कुठाय?… लोंबतेय ना? जोडायलाच विसरले, गाढव लेकाचे! बसव ती… तिरकी नको. टक्‌ होईपर्यंत दाब… झालं?

आता चालू कर… तरी उणे चाळीस? असू दे. उभ्या गाडीत आकडा बदलत नाही, जरा पळवावी लागते… हो. मग काय करणार? निघ.

थांब, फोन ठमीकडे दे. स्पीकरवर टाक… ठमे? बाबा बोलतोय गं. पोट दुखतंय का?… शहाणी माझी. आता समोर आकडा दिसतोय ना, तो वाचून दाखव मला. बदलला की लगेच सांग हं… अजून तोच?… असू दे, असू दे… किती?… एकेचाळीस? पुढची रेघ गेली ना? शाब्बास! गार वारा येतोय?… आईला सांग, काचा वर कर म्हणावं.

काय गं?… या रविवारी?… नाही बाळा. या रविवारी नाही येणार मी… पुढच्याही नाही… मी रागावलो नाहीये गं, ठमे. अजिबात नाही. ऐक ना, तू…

हॅलो?… ठमे?… हॅलो?