भूगोलाच्या माणसाचं नाट्यमंडळ

...आणि हात मी वर केला होता तो खिडकी लावायला, तुम्हाला सांगतो, नाटकासाठी नव्हे. शिक्षकांची बैठक चाललेली, कागद उडतायत, मी आपला कडीला हात घातला, आणि नेमकं तेव्हाच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, विचारत होत्या की शाळेत नाट्यमंडळ कोण सुरू करणार. "वा, नवीन सर तयार आहेत." झालं. नोकरीला लागून अडीच महिने झालेले, नाही म्हणायला जीभ अजून रेटत नव्हती. अहो, मी भूगोलाचा माणूस. वारे कुठून येतात ते मला विचारा, नट कुठून आत येतो ते मला काय ठाऊक?

खोली दिली ती खेळाच्या सामानाची. एका कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू, दुसऱ्यात मोडकी बाकं, आणि मधे मी. पहिल्या बुधवारी एकवीस मुलं आली. का, तर त्याच वेळेला गणिताचा जादा तास होता. दुसऱ्या बुधवारी गणिताच्या बाई जातीनं आल्या आणि पंधरा जणांना घेऊन गेल्या. उरली सहा. त्यातली एक सातवीतली मुलगी, वडील सुतार, ती दाराजवळ बसायची आणि बोलायची म्हणून नाही. हजेरीलासुद्धा नुसती मान वर करायची. आता हिला नाटकात काय द्यायचं, तुम्हीच सांगा.

बरं, नाटक तरी कुठून आणायचं? वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक उघडलं की आत राजा, आणि राजाला कपडे लागतात... मग म्हटलं, मुलांनो, आपापल्या घरी संध्याकाळी काय बोलतात ते घेऊन या, आपण सगळ्यांचं मिळून एक घर करू. मला वाटलं, काय डोकं चालवलं. शेवटी मी भूगोलाचा माणूस, आहे त्या जमिनीचा नकाशा काढायचा, एवढंच मला येतं.

बाकीच्यांनी आणलं तेच, अभ्यास कर, दिवा घालव, टीव्हीचा आवाज कमी कर. आणि मग ही मुलगी उठली. हातात कागद नाही, काही नाही. खांद्यावरची नसलेली पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, जाड आवाजात विचारलं, "कुणी आलं होतं का?" मान वळवून बारीक आवाजात, "नाही." पुन्हा जाड आवाजात, "बरं झालं."

एवढंच. पण ते 'बरं झालं' असं काही आलं की मुलं हसून आडवी झाली. मीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ती मुलगीसुद्धा हसली, पहिल्यांदाच. मग काय, ती वाक्यं मी नाटकात तीनदा घातली. वर तिला शिकवलं, 'नाही' झालं की जरा थांब, मग पुढचं म्हण, लोक जास्त हसतील. शिकवलं हो मी, विचारलं नाही. बाबा रोज कुणाची चौकशी करतात गं, एवढं विचारायला काय नाटकातलं कळावं लागतं?

प्रयोगाला सभागृह भरलेलं. पहिल्यांदा तिनं विचारलं, लोक हसले. दुसऱ्यांदा आणखी हसले, मी पडद्याआड शेजारी उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंकडे बघून ऐटीत मान डोलावली. तिसऱ्यांदा मात्र पुढच्या, पाहुण्यांच्या रांगा हसल्या आणि मागचं सगळं चिडीचूप. मागे त्या मुलीच्या गल्लीतली माणसं बसली होती ना. "नाही," म्हणून मुलगी थांबली, मी शिकवलं होतं तेवढीच थांबली, आणि मागे एक खुर्ची सरकली. एक माणूस उठून बाहेर गेला. पाठोपाठ त्याची बायको गेली.

"अहो सर, तुम्हाला माहीतच नाही?" गणिताच्या बाई कुजबुजल्या. तिचा थोरला भाऊ बापाशी भांडून घर सोडून गेलेला, दोन वर्षं झाली, ना पत्ता ना फोन. परत तोंड दाखवू नकोस, असं बापच म्हणाला होता. सगळ्या जुन्या शिक्षकांना ठाऊक... पण मी भूगोलाचा माणूस, मला कोण सांगतो?

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. म्हटलं, आता मार खायचा. ते त्या खोलीत बाकावर बसले, बाक डुगडुगलं, तर उठून त्यांनी ते उलटं केलं आणि पाय तपासायला लागले. त्या पायाकडेच बघत म्हणाले, "ते तिनं स्वतःच्या मनानं केलं?"

मी हो म्हटलं.

"मी असंच म्हणतो? अगदी असंच?"

मी मान डोलावली. त्यांनी बाकाचा ढिला पाय हातानं दाबून बसवला. मग म्हणाले, "हसू येतं होय लोकांना त्याचं." बाक सरळ केलं आणि गेले.

बुधवारी मुलगी आली. घरी रागावले का गं, असं विचारलं, तर चक्क पूर्ण वाक्यांत बोलली.

"नाही सर. बाबा आता विचारतच नाहीत. येतात, पिशवी ठेवतात, बसतात. मग आईच सांगते, कुणी आलं नव्हतं म्हणून."

"आणि बाबा काय म्हणतात?"

"काहीच नाही."

मी तडक मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, हे मंडळ माझ्याकडून काढून घ्या, माझ्यानं नाही निभणार. त्यांनी वहीतून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "असं कसं सर, पाहुण्यांना फार आवडलं. पुढच्या वर्षीही तुम्हीच. फक्त एक करा, यंदाचं जरा जास्तच विनोदी झालं... पुढच्या वेळी काहीतरी गंभीर बसवा."