हिरवी पट्टी

— नाही नाही, हसरा फोटो नको दादा. हसरा काढला की वाटतं याचं बरं चाललंय, मग काम कोण देणार? रडका पण नको. मधला काढा. आणि ही उशी जरा तिकडे ठेवता? बायको देते रोज, ऑफिसात पाठीला लावायला. — हो, ऑफिस... आता तुमच्यापासून काय लपवायचं, ऑफिस सुटलंय. बरेच दिवस झाले. घरी सांगितलेलं नाही — कोलमडेल हो ती. सकाळी डबा घेऊन निघतो, बागेत बाकावर बसतो, संध्याकाळी दमून घरी. खरंच दमतो, बसून काय कमी दमायला होतं?

म्हणून तर हा फोटो. त्या नोकरीवाल्यांच्या साइटवर फॉलोअर रग्गड आहेत माझे — पण नुसत्या आकड्यावर हुरळायचं नाही, माणसं ओळखावी लागतात. एक टाळ्यावाले. वाचत नाहीत, अभिनंदन ठोकून मोकळे — काका गेले म्हणून लिहिलं तर चौघांनी अभिनंदन केलं. दुसरे मास्तर, काहीही लिहा, खाली येऊन शिकवणार. तिसरे गरजू, त्यांना वाटतं मीच त्यांना कुठेतरी चिकटवीन. मी! आणि मग मुके. लाइक नाही, अवाक्षर नाही, पण बघतात सगळं. कोण बघून गेलं ते कळतं ना तिथे. आमची ही त्यांतलीच. मी घराबाहेर पडलो की रोज बघून जाते. कौतुक असेल, दुसरं काय.

तुमचंही खातं आहे? मग तुमच्याच फोनवर बघा माझा तिथला जुना फोटो, तसाच कोन हवाय. — कसली हिरवी पट्टी? ती होय, फोटोभोवतीची, 'काम हवंय'ची. मीच लावली गेल्या महिन्यात. ती फक्त नोकरी देणाऱ्यांना दिसते. — तुम्हाला दिसतेय? तुम्ही कुठे नोकरी देताय? — म्हणजे सगळ्यांनाच? मास्तरांना, टाळ्यावाल्यांना... मुक्यांना पण?

थांबा जरा. उशी पण गेल्या महिन्यापासूनच देतेय. मी म्हटलं होतं, अगं, ऑफिसची खुर्ची गादीची आहे. तर म्हणाली, "असू दे. दिवसभर बसायचं असतं." आणि मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय.

दिवा बंद करा दादा. फोटो राहू द्या आज. ती उशी द्या इकडे — नाही, बागेत नाही. घरी जातो.